पाय जमिनीला लागले नाहीत

सोमवार, दुपार. दुकानाची सुट्टी.

ती. मामा,

नमस्कार. एरवी वाकून करतो, आज बसूनच करतोय. वाकलो की तुला वाटायचं, आला वठणीवर.

तू आतल्या खोलीत झोपला आहेस. तुझं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय, म्हणजे तुझी प्रकृती ठीक असावी. मामी तिच्या बहिणीकडे गेली आहे. माझं जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं. माझीही प्रकृती बरी आहे, फक्त दोन्ही दंड अजून ठणकतात, त्याचं कारण तुला माहीत आहे. भिंतीपलीकडच्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणा, हे मला कळतं. पण समोरासमोर बसलो की तू "आवाज खाली" म्हणतोस, मग मी मुद्दाम वर नेतो, आणि बोलायचं ते राहून जातं. कागदावर कुणाला आवाज चढवता येत नाही.

दुकानात तू मॅनेजर, तिथे मी तुला "साहेब, तुम्ही" म्हणतो आणि घरात "मामा, तू". हे पत्र दुकानाचं की घरचं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून तू म्हणतोय. साहेबांना ते लागलं तर भाच्याने त्याबद्दल माफी मागितली असं धर. या पत्रात मिळेल ती माफी एवढीच.

तुला वाटतं की सगळं बदललं ते गुरुवारी संध्याकाळी, तुझा मधाच्या बाटल्यांचा मनोरा कोसळला तेव्हा. चूक. सगळं बदललं ते त्याच्या बऱ्याच आधी. मालकीणबाई पहिल्यांदा त्यांचं कुत्रं घेऊन सुपरमार्केटच्या दारात आल्या आणि तू आतून धावत आलास, त्या क्षणी. तुला आठवतही नसेल. मला शब्द न् शब्द आठवतो, कारण मी दाराशेजारी सामानाच्या काउंटरवर बसून एका बाईच्या पिशवीला टोकन बांधत होतो.

काचेवर आपली पाटी आहे. कुत्र्याचं चित्र, त्यावर तांबडी रेघ, खाली "पाळीव प्राण्यांना आत प्रवेश नाही". वॉचमनकाका नवे होते, मालकांच्या बायकोला ओळखत नव्हते. त्यांनी सवयीने हात आडवा घातला.

"काका, हात खाली घ्या," तू म्हणालास.

"साहेब, कुत्रं आहे."

"त्यांच्या हातात आहे ना?"

"हातात असलं तरी कुत्रंच आहे."

मागची रांग हसली. तुझे कान लाल झाले. मग तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "हातात असेल तर चालतं. पाय जमिनीला लागले तर चालत नाही. समजलं?"

"समजलं," काका म्हणाले. "आणि एकच पाय लागला तर, साहेब?"

तू दार ओढून धरलंस. मालकीणबाई आत गेल्या, त्यांनी ते लोकरी स्वेटर घातलेलं कुत्रं ट्रॉलीत बसवलं, जिथे लोक लहान मूल बसवतात तिथे. त्या दिवसापासून आमच्यात त्याचं नाव लोकरीचा गुंडा. तो दर आठवड्याला आला. त्याने पावाचा वास घेतला, फळं हुंगली, एकदा बटाट्यांच्या टोपलीवर पाय वर केला आणि तू स्वतः फडकं आणलंस. काचेवरची पाटी तशीच होती. फडकं आणायला माझी हरकत नव्हती मामा. तू ते खिशातून काढलंस, म्हणजे ते तू आधीपासून बाळगत होतास, हे मला टोचलं.

असो. नियम तू केलास. मी फक्त लक्षात ठेवला.

आता तिच्याबद्दल. गुरुवारपासून "त्या पोरीपायी" हे शब्द तुझ्या तोंडात असे बसलेत की चहा मागतानाही तेच निघतील. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेमीत बसवते, सैल काड्या आवळते. तुझ्या चष्म्याची डावी काडी लोंबत होती, तू ती आठवडाभर दोऱ्याने बांधून फिरत होतास, ती तिनेच उभ्या उभ्या नीट करून दिली. तू आल्यावर मामीला म्हणालास, "पोरीच्या हातात कसब आहे." तेव्हा ती "पोरगी" होती. आता "ती पोरगी" झाली आहे.

पहिल्यांदा ती काउंटरवर आली आणि म्हणाली, "आजोबांना इथे बसवलं तर चालेल का? त्यांना फार वेळ उभं राहवत नाही." मी माझं स्टूल पुसून पुढे केलं. तेवढ्यात काउंटरखालून एक तपकिरी डोकं वर आलं, तोंडाभोवती पांढरं झालेलं, एक कान दुमडलेला. वासराएवढा कुत्रा. पिल्लू असतानाच कपाळाला आठ्या होत्या म्हणून तिच्या वडिलांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. वडील गेले, कुत्रा राहिला, आणि आता तो नावाला शोभेल इतका म्हातारा झाला आहे. दिवसभर तिच्या कामाच्या टेबलाखाली झोपतो. एकटा राहिला की रडतो, तेही असं की खोलीची मालकीण जिन्यावर येऊन उभी राहते. बाहेर कठड्याला बांधून ठेवायची तिची हिंमत होत नव्हती. मागे कुणीतरी मजा म्हणून पट्टा सोडला होता आणि आजोबा भर रस्त्यात जाऊन बसले होते.

मी विचार केला, नियम काय म्हणतो? आत प्रवेश नाही. काउंटर दाराच्या अलीकडे आहे. म्हणून मी सतरा नंबरचं टोकन आजोबांच्या पट्ट्याला बांधलं आणि जोडीचं सतरा नंबर तिच्या हातात दिलं. "पावती सांभाळा," मी म्हटलं, "टोकन हरवलं तर सामान मिळणार नाही." ती हसली. तेवढं पुरे होतं. आमच्यासारख्यांना किती लागतं?

मग ती रोज येऊ लागली. मी सतरा नंबरचा खण रिकामा ठेवू लागलो. आजोबा माझ्या पायाशी झोपायचे, आणि लोक पिशव्या ठेवताना खाली वाकून त्यांना नमस्कार करायचे. ती माणसाकडे बघते तेव्हा आधी नाक बघते, मग कान, कारण चष्मा तिथेच बसतो. एके दिवशी मला म्हणाली, "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा वर आहे. चष्मा लागला तर सांगा, काडी वाकवून द्यावी लागेल." मी घरी येऊन न्हाणीघरातल्या आरशापुढे इतका वेळ उभा राहिलो की तू दार वाजवलंस. आठवतं? तेव्हा पोट बिघडलं म्हणून सांगितलं होतं. पोट उत्तम होतं.

तू मामीला म्हणालास, "कॉलेज सोडलं तेव्हाही कुणी पोरगीच होती." होती. तिला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्या हिशोबाने या वेळी माझी बरीच प्रगती झाली, हिला निदान माझे कान माहीत होते.

गुरुवारी सकाळी तू काउंटरपाशी आलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "आजपासून कुत्रं ठेवून घ्यायचं नाही. टोकन पिशव्यांसाठी असतं." मी विचारलं, का. तू म्हणालास, मालकीणबाईंनी तक्रार केली, जाता-येता ते कुत्रं त्यांच्याकडे रोखून बघतं. मी म्हटलं, त्याला एका डोळ्याने दिसत नाही, तो कुणाकडे काय रोखून बघणार. तू म्हणालास, "मग दुसऱ्याने बघत असेल." आणि स्वतःच्या विनोदावर हसत आत जाऊन मनोरा रचायला बसलास.

तुझा मनोरा खरंच सुंदर होता मामा. ते तुझ्याकडून शिकण्यासारखं आहे. खालच्या बाटल्या एकमेकींना खेटून, वरच्या खालच्या दोघींच्या मध्ये, प्रत्येक लेबलाचं तोंड गिऱ्हाइकाकडे. रांगेच्या टोकाला माणसाच्या उंचीच्या वर गेला होता. तुझ्या कानामागे पेन्सिल होती आणि तू लहान मुलासारखा जीभ बाहेर काढून शेवटची बाटली ठेवलीस.

संध्याकाळी ती आली. मी सांगितलं, आज ठेवता येणार नाही. ती बाहेर गेली, कठड्याला पट्टा बांधला, परत दारापर्यंत आली, आणि आजोबांनी गळा काढला. रस्त्यावरचे लोक थांबले. ती पुन्हा मागे गेली, गाठ सोडली, आणि घरी निघाली. हातात रिकामी पिशवी. त्या रिकाम्या पिशवीने माझं डोकं फिरवलं.

मी काउंटरची फळी वर केली, बाहेर गेलो, तिच्या हातातून पट्टा घेतला, गुडघ्यावर बसलो, एक हात आजोबांच्या छातीखाली घातला, दुसरा मागच्या पायांखाली, आणि उठलो. म्हणजे आधी उठता आलं नाही. मग उठलो.

काकांनी दार उघडून धरलं. खाली वाकून चारही पाय नीट पाहिले. "अधांतरी आहेत," ते म्हणाले. "जा."

मी गेलो. साबणांच्या रांगेतून, कागदी पिशव्यांच्या रांगेतून, बिस्किटांच्या रांगेतून. लोकांनी वाट दिली. एक गृहस्थ म्हणाले, "हा विकायला आहे का?" त्यांची बायको म्हणाली, "जुना माल दिसतोय, सवलतीत असेल." आजोबांनी आधी अंग ताठ केलं, मग हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि कानाशी एक लांब उसासा सोडला. ती माझ्या शेजारून चालत होती. काहीतरी बोलत होती, गर्दीत नीट ऐकू आलं नाही. माझी छाती भरून आली होती मामा. मला वाटलं, हे आपल्याला आयुष्यात जमलेलं पहिलं काम.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू मला सही करायला दिलेल्या कागदात ते वेगळं लिहिलंय. मालकीणबाई ट्रॉली घेऊन वळणावर आल्या. गुंडा मुलाच्या जागेवर बसला होता. त्याने आजोबांना पाहिलं आणि भुंकला. आजोबांनी जांभई दिली. जांभई पाहून गुंडा आणखी चिडला, त्याने ट्रॉलीतून उडी मारली, आणि तो थेट तुझ्या मनोऱ्याच्या कमरेत शिरला. बाटल्या आल्या खाली. मालकीणबाई त्याला धरायला मधात घुसल्या, त्याला कळेना कोण धरतंय, आणि त्याने त्यांच्या मनगटाला दात लावले. त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याने. आजोबा त्या वेळी माझ्या हातात होते, सहा पावलं लांब. चारही पाय हवेत.

तू तिथे होतास. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, हातात लेबल लावायचं मशीन. तू सगळं पाहिलंस. डोळ्यांवर तोच चष्मा होता, काडी सरळ केलेला.

आणि मी तिथूनही थांबलो नाही. बुटांचे तळवे मधात चिकटत होते, प्रत्येक पावलाला चपाक चपाक आवाज येत होता, पण बिलापर्यंत गेलो. बिल करणाऱ्या मुलीने हातातलं मशीन आजोबांकडे रोखलं आणि विचारलं, "याचा बारकोड कुठे आहे?" आजोबांच्या मालकिणीने वाटेत दूध आणि ब्रेड घेतलं होतं, तिने पैसे दिले, आम्ही बाहेर आलो, मी आजोबांना खाली ठेवलं, तिने पट्टा घेतला आणि मागे न बघता गेली. घाईत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी तू मला ऑफिसात बोलावून कागद दिलास. तुझ्याच अक्षरात, सुवाच्य, दोन ओळींत नीट अंतर सोडून. मी तो माझ्या अक्षरात उतरवून सही करायची. "माझ्या हलगर्जीपणामुळे एक मोठे कुत्रे दुकानात शिरले. त्याने सामानाची नासधूस केली व मालकीणबाईंच्या हाताचा चावा घेतला. कुत्रे कोपऱ्यावरील चष्म्याच्या दुकानातील महिलेचे आहे." मी विचारलं, कॅमेऱ्यात बघू या का? तू म्हणालास, त्या कोपऱ्यातला कॅमेरा मनोऱ्याने झाकला होता. तुझ्या कलेने तुलाच वाचवलं.

मी विचारलं, या कागदाचं पुढे काय होणार? तू खरं सांगितलंस, तेवढं तुझं चांगलं आहे. मालकीणबाई तो पालिकेत देणार. चावणारं कुत्रं अशी नोंद झाली की गाडी येते. आणि म्हाताऱ्या चावऱ्या कुत्र्याला कुणी परत आणून देत नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "अरे, म्हातारंच आहे ते. असं किती दिवस काढणार होतं?"

मामा, तू वाईट माणूस नाहीस. मी कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी माझी ट्रंक ओसरीवर काढून ठेवली होती, आणि तू न बोलावता स्कूटर घेऊन आलास, ती ट्रंक मागे बांधलीस आणि मला म्हणालास, "बस तिच्यावर, पडशील तर दोघं मिळून पडाल." मी ते विसरलेलो नाही. विसरलो असतो तर शुक्रवारीच कागद फाडून तुझ्या तोंडावर फेकला असता. पण तुझ्या त्या वाक्यापासून मला धड जेवण जात नाही. असं किती दिवस काढणार होतं. हे तू उद्या कुणाहीबद्दल म्हणू शकतोस. वॉचमनकाकांबद्दलही.

आता जे मघाशी लिहायचं टाळलं ते.

शनिवारी मी तिच्या दुकानात गेलो होतो. तुला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, ती उठून उभी राहील. काय काय वाटलं होतं ते लिहीत नाही, तू हसशील.

ती एका काडीचा स्क्रू आवळत होती. मान वर केली नाही.

"आजोबा कसे आहेत?" मी विचारलं.

"टेबलाखाली बघा."

ते आडवे पडले होते. एक मागचा पाय वेगळाच ताणलेला, जणू दुसऱ्या कुणाचा.

"जिना चढत नाहीत आता," ती म्हणाली. "मी उचलून नेते. दोन मजले."

"मी येत जाईन ना उचलायला."

तिने हत्यार खाली ठेवलं. "तुम्हाला ऐकू येतं का? की कान नुसताच वर आहे?" ती म्हणाली. "बिस्किटांपाशी सांगितलं, खाली ठेवा. वळणावर सांगितलं, खाली ठेवा, त्यांची कंबर दुखते, ते कण्हतायत. तुम्ही माझं दूध आणायला निघालाच नव्हतात. तुमच्या मामांना दाखवायला निघाला होतात."

तर मामा, गर्दीत ऐकू आलं नाही असं मी वर लिहिलं ते खोटं आहे. ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा. आणि तो उसासा नव्हता.

मी तरीही बोलायचं ते बोललो. इतका मूर्ख मीच असू शकतो. म्हटलं, "तुम्ही मला आवडता."

"ते टोकनावरून कळलं होतं," ती म्हणाली. "रोज सतराच. मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, कामापुरता आहे, जाऊ दे. पण मला ते नको आहे. मी स्पष्ट सांगते म्हणजे तुम्हाला पुन्हा गर्दी आडवी यायला नको."

झालं. तुझ्या "त्या पोरीपायी"ची एवढीच गोष्ट. तुला आता तो शब्द वापरता येणार नाही, म्हणून सांगितलं, नाहीतर जीव गेला तरी सांगितलं नसतं.

निघताना तिने विचारलं, "तो कागद. काकांनी सांगितलं मला. तुम्ही सही करणार आहात?"

"नाही."

"माझ्यासाठी काही करू नका."

"तुमच्यासाठी नाही करत. आजोबा चावले नाहीत म्हणून."

हे मी आधी बोललो, मग खरं आहे का ते तपासलं. खरं निघालं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. या वेळी नाकाकडेही नाही, कानाकडेही नाही. मग म्हणाली, "बरं." आणि मी दारात पोचलो तेव्हा म्हणाली, "पुन्हा इथे येऊ नका. चष्मा लागला तरी दुसरीकडे जा."

मला माफी मागायचीच होती तर ती आजोबांची. ती मी तिथेच टेबलाखाली वाकून मागितली. त्यांनी हात चाटला, पण ते सगळ्यांचाच चाटतात, त्यावरून काही ठरत नाही.

काल रात्री जेवताना तू पुन्हा विषय काढलास. "सही करून टाक, आठवड्यात सगळे विसरतात. नाहीतर तुझ्यासोबत माझीही खुर्ची जाईल." मी उठून गेलो. तू मागून म्हणालास, "हाच तुझा स्वभाव. कॉलेज अर्ध्यात, नोकरी अर्ध्यात. सगळंच अर्धवट." सकाळी मामी निघण्याआधी माझ्यापाशी आली. म्हणाली, "करायची तर कर, नाही तर नको करूस. पण भिजत घोंगडं ठेवू नकोस, घरात वास सुटलाय." मग चपला घालताना म्हणाली, "ते कुत्रं खरंच चावलं का रे?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "यांनाही मी तेच विचारलं. हे टीव्हीचा आवाज वाढवून बसले."

म्हणून आज बसलो आणि घोंगडं पिळून वाळत घातलं.

या पत्राखाली तुझा कागद आहे, बिनसहीचा. उतरवला नाही, फाडलाही नाही, तुझं अक्षर चांगलं आहे. त्याखाली माझा एक कागद आहे. त्यात जे झालं ते लिहिलंय. मी कुत्रं उचललं, माझ्या मनाने, कुत्र्याच्या मालकिणीचं न ऐकता. ते पूर्ण वेळ माझ्या हातात होतं. मनोरा पडला तो दुसऱ्या कुत्र्यामुळे, दातही त्याचेच लागले. खाली माझी सही आहे. तिच्याखाली एक जागा सोडली आहे, साक्षीदारासाठी. काका म्हणाले, "मी दारात होतो, वळणावरचं मला दिसलं नाही. ज्याला दिसलं त्याने करावी." ती रेघ मी मुद्दाम लांब ओढली आहे. तुझी सही मोठी असते.

त्याची दुसरी प्रत सकाळी तिच्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवली. गाडी आलीच तर तिच्या हातात काहीतरी असावं. शटर बंद होतं, मी बाहेरूनच वाकलो. ती नको म्हणाली होती, म्हणून माझे पाय तिच्या जमिनीला लागले नाहीत. बघ, तुझा नियम मी अजून पाळतोय.

माझी काळजी करू नकोस. दूध घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याने त्याच्या गोदामात काम दिलंय. चढवायचं, उतरवायचं. त्याने विचारलं, वजन उचलायचा अनुभव आहे का. मी म्हटलं, आहे, पण यापुढे ज्याचं वजन त्याला विचारून उचलेन. त्याला काही कळलं नाही. राहायची सोयही तिथेच आहे. बाबांना कळवायचं तर कळव. सांग, याही वेळी त्याने सोडलं. पण हेही सांग, की बिलापर्यंत नेऊन सोडलं.

सतरा नंबरची दोन्ही टोकनं टेबलावर आहेत. एक आजोबांच्या पट्ट्यालाच राहून गेलेलं, ते तिने शनिवारी परत दिलं. एक तिच्या हातातलं. मंगळवारी त्या खणात कुणाचीही पिशवी ठेव.

चष्मा तुझ्या छातीवर घसरला होता, तो घडी करून या पत्रावर ठेवतोय. वाचायला लागेल. सही करायलाही लागेल. ट्रंक इथेच ठेवून जातोय. स्कूटरशिवाय ती नेता येत नाही, आणि स्कूटर तुझी आहे. तुला वाटलं तर कधी घेऊन ये. नाही वाटलं तर तिच्यात मामीची स्वेटरं ठेवा.

तुझं ते बाहेरचं दार फुगलंय. हळू ओढलं तर लागत नाही, आणि जोरात ओढलं की तू आतून ओरडतोस, दार आपटू नको म्हणून. इतके दिवस मी ते अर्धं उघडं ठेवून जात आलो. आज पूर्ण लावून जाणार आहे. जोरात. आवाजाने तुला जाग येईल, तेव्हा मी पायऱ्या उतरत असेन. ओरडू नकोस. उठ, चष्मा लाव, आणि वाच.

तुझाच,
अर्धवट भाचा,
चपला घातल्या आहेत, आता पेन खाली ठेवतो आणि दाराला हात लावतो